अंगण खरंच वाकडं होतं

दलिचंद शेठजींना मराठी म्हणींचा भारी शौक. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, बँकेत हिंदी असा त्यांचा कारभार चाले. पण कुणाला चिमटा काढायचा असला की तो मराठी म्हणीनेच. जळगावात धान्यबाजारामागच्या गल्लीत त्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर पूर्वी पाइपांची भेंडोळी पडलेली असत. नातू मनन इंजिनियर होऊन आला, त्याने ती भेंडोळी अंगणात फेकली आणि तिथे कंपनी उघडली. कंपनी म्हणजे चार टेबलं, एक पंखा, एक मोठी पाटी आणि दिपमाला. पाटी मोठी होती, पण काम दिपमालाच करत होती.

कंपनी बनवत होती केळी पिकवायच्या खोल्यांसाठी लागणारा एक डबा. कच्ची केळी बंद खोलीत रचतात, गॅस सोडतात, थंडावा राखतात, कोंदलेली हवा बाहेर काढतात. हे सगळं वेळच्या वेळी झालं तर केळं सोन्यासारखं पिवळं होतं. नाही झालं तर काळं पडतं आणि व्यापारी त्याहून काळा पडतो. ही सगळी कामं तो डबा सांभाळायचा. डब्यात एक छोटा कॉम्प्युटर होता आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टीम दिपमालाने आपल्या हाताने कापून-शिवून बसवली होती.

त्यातही तिचा जीव होता शेड्युलरमध्ये. शेड्युलर म्हणजे कॉम्प्युटरमधला कारभारी. कामं अनेक, डोकं एक. मग कुणाचा नंबर आधी, कुणाचा नंतर, हे तो ठरवतो. त्याचे नियम जगभर ठरलेले आहेत आणि ते लग्नघरातल्या कुठल्याही काकूला पटतील असेच आहेत. मानाच्या कामाला आधी बसवायचं. सारख्या मानाच्या कामांत जो आधी आला त्याला आधी. आणि एकाचं काम चालू असताना मध्येच कुणी मोठा घुसला, तर मोठ्याचं आटोपल्यावर ज्याला अर्ध्यावर उठवलं होतं त्याला पहिल्यांदा परत बसवायचं, नव्याने रांगेत लावायचं नाही.

हे नियम पाळले जातात का, ते पाहायला एक परीक्षा असते. तीही प्रोग्रामच, आपला आपण चालतो आणि शेवटी पास की नापास ते सांगतो. डबे विकत घेणाऱ्या निर्यातदारांनी अट घातली होती की पुण्याच्या एका तपासणी संस्थेकडून ही परीक्षा पास झाल्याचा दाखला आणा. दिपमालाचा डबा सगळ्या परीक्षांत पास होत होता आणि नेमक्या शेड्युलरच्या एका परीक्षेत नापास होत होता. बरं, सरळ नापास होईल तर शपथ. सकाळी नापास, दुपारी पास, चहा पिऊन आलं की परत नापास.

"परीक्षाच चुकीची आहे," दिपमाला म्हणाली.

शेठजी नेमके त्याच वेळी जिना चढून वर आले होते. त्यांनी टेबलाला धरून दम खाल्ला आणि म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मनन हसला नाही. त्याला दुसरीच काळजी होती. पुण्याच्या तपासणी संस्थेतल्या मॅडमनी त्याला सुचवलं होतं की हे सॉफ्टवेअरचं झेंगट तुम्ही कशाला गळ्यात बांधून घेता. आमच्या ओळखीची एक मोठी कंपनी आहे, तयार माल देईल, तुम्ही फक्त डबे जोडा. सोमवारपर्यंत परीक्षा सुटली नाही तर मननला ते मान्य करावं लागणार होतं. मग वरच्या मजल्यावर नुसत्या वायरी जोडायचं काम उरलं असतं आणि दिपमालाने एक तर वायरी जोडायच्या, नाही तर परत पुणं गाठायचं.

पुणं तिने एकदा गाठून पाहिलं होतं. एका खोलीत तिघी, भाजीत गूळ आणि कुणाला 'काय भो' म्हटलं की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरायचा. या डब्याचं काम निघालं म्हणून ती जळगावात परत आली, शनिवारी एस.टी. धरून एरंडोलजवळच्या आपल्या गावी जाऊ लागली, आणि महिन्याभरात तिच्या गालांवर मांस चढलं. तिला इथेच राहायचं होतं. हे ती मननला बोलून दाखवत नव्हती, कारण इथे राहायचंय म्हणून परीक्षा चुकीची आहे असं म्हणतेस की काय, असं कुणीही विचारलं असतं. मनातल्या मनात ती स्वतःलाही तेच विचारत होती.

"दिपमाला, बाकी सगळे पास होतात," मनन म्हणाला. "पुण्याच्या मॅडम सांगत होत्या, वर्षानुवर्षं हीच परीक्षा आहे. कुणाची तक्रार नाही."

"त्या सगळ्यांचे डबे जुने असतील, मननभाऊ."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते तिलाही अजून धड माहीत नव्हतं. पण तिने परीक्षेचा कोड उघडला आणि वाचायला बसली. हे काम फारसं कुणी करत नाही. नापास झालेला विद्यार्थी आपलं उत्तर परत परत तपासतो. प्रश्न कोण तपासतो? ती दोन दिवस वाचत राहिली. शेठजी येता-जाता "अंगण मोजून झालं का?" असं विचारत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी तिने टेबलावर अशी थाप मारली की मननचा चहा बशीत आला.

परीक्षा लिहिणाऱ्या भल्या माणसाने एक गोष्ट गृहीत धरली होती. त्याच्या काळी कॉम्प्युटरला डोकं एकच असायचं. म्हणून त्याने सारख्या मानाची तीन कामं एकामागून एक रांगेत सोडली आणि पाहिलं, जो आधी आला तो आधी बाहेर पडतो का. एका डोक्यावर हे बरोबरच होतं. पण दिपमालाच्या डब्यात दोन डोकी होती, म्हणजे दोन कोर. पहिलं काम एका कोरवर गेलं, दुसरं दुसऱ्यावर. आता कोण आधी बाहेर पडेल याचा काय भरवसा? कधी पहिलं, कधी दुसरं. नियम कुणीच मोडला नव्हता, तरी परीक्षा आरोळी ठोकत होती.

तिने उपायही केला. तिन्ही कामांना एकाच कोरला बांधून टाकलं, की मग रांग एक आणि वाढणारा एक. परीक्षा चालवली, पास. परत चालवली; पास. मननने खाली जाऊन आजोबांना सांगितलं. शेठजी वर आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला.

"पोरी, ज्याची परीक्षा आहे त्यानेच पेपर दुरुस्त केला, तर लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न पुण्याच्या मॅडमनीही विचारला. फोनवर त्यांचा आवाज कोरडा होता, पण बोलणं चुकीचं नव्हतं. "तुम्ही परीक्षा सोपी केलीत की बरोबर केलीत, मला कसं कळणार? चोर सुटेल इतकी ढिली परीक्षा कुणीही पास होईल. दुरुस्त केलेली परीक्षा चुकणाऱ्याला पकडते, हे दाखवा. सोमवारी पाठवा, बघते."

दिपमाला म्हणाली, दाखवते. फोन ठेवून तिने सवयीने परीक्षा आणखी एकदा चालवली.

नापास.

तिने डोळे चोळले. पुन्हा चालवली; पास. पुन्हा, पुन्हा, पास, पास, पास. मग मनन काहीतरी विचारायला आला तेव्हा तिने तो नापासचा निकाल पडद्यावरून पुसून टाकला. असेल काहीतरी, ती स्वतःला म्हणाली. वीज हलली असेल, बोर्ड तापला असेल. आपल्याला हवं तसं उत्तर मिळालं की माणूस विजेवरही आळ घ्यायला तयार होतो. शिवाय शनिवार होता, उद्या शेतात भरीत होतं आणि एरंडोलची बस सुटायला आली होती.

खानदेशात थंडीच्या दिवसांत भरीत म्हणजे काय, हे ज्याने शेतात बसून खाल्लं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पांढरट हिरवी, हातभर वांगी. ती भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. जाळ असा की जवळ उभं राहिलं तर भुवया जाव्यात. मग साली काढून लाकडी मुसळाने ठेचायचं, त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत पुऱ्या, आणि ज्याला पुरी चालत नाही त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पंगत शेतातच बसते, केळीच्या पानांवर.

दिपमालाच्या घरचं भरीत म्हणजे आबांचा दरबार. आबा तिचे थोरले काका. मानापानाचं सगळं त्यांच्या हातात. यंदा घरात दोन जावई होते. थोरला प्रेमराज, दिपमालाची मोठी बहीण रूपा हिचा नवरा, धुळ्याकडचा, कापसाचा शेतकरी, मनाने लोण्यासारखा आणि रुसण्यात पटाईत. धाकटा मगन, आबांच्या मुलीचा नवा नवरा. त्याच्या तर अंगाला अजून हळदीचा वास येत होता. थोरल्या जावयाला धाकट्याच्या आधी वाढायचं, एवढं तिथल्या कुत्र्यालाही माहीत होतं. म्हणून आबांनी प्रेमराजला आपल्या शेजारी बसवलं आणि त्याच्या पलीकडे मगनला.

पंगत मोठी, म्हणून वाढायला दोघे. आबांचा मुलगा हिलाल या टोकाकडून निघाला आणि हिलालचा मित्र पुना त्या टोकाकडून. पुनाचे पाय लांब. तो झपाझप वाढत आला, मगनच्या पानावर भरिताचा गोळा पडला, आणि तेवढ्यात त्याची बादली संपली. प्रेमराजचं पान कोरं.

प्रेमराजने मांडी सोडली.

"काय व्हयनं, जवाईबापू?" आबांनी विचारलं.

"काही नही. मले भूक नही शे. तुम्ही जेवा."

"रस्ताभर तं भूक भूक करी राह्यंतात," रूपा चुलीकडून म्हणाली आणि तिच्या आवाजावरून कळलं की हे तिला नवीन नव्हतं.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. हिलाल म्हणाला, मी आठून सुरू करं, पुना तठून, मन्हा काय दोष? आणि दिपमाला पुरी हातात धरून हसू लागली. तिला हसताना पाहून प्रेमराजने तोंड आणखी फिरवलं, तशी ती उठून त्याच्याजवळ गेली.

"दाजी, तुमचा अपमान कुणीच केला नाही," ती म्हणाली. "वाढणारे दोन आहेत म्हणून झालं. सबंध आठवडा मी हेच भोगते आहे." आणि मग तिने हिलालला सांगितलं, "ही रांग तुनी एकटानी. पुनाले त्या रांगले जाऊ दे."

एक रांग, एक वाढपी. परीक्षेत केलं तेच तिने पंगतीत केलं. आबांना ते पटलं, हिलालने स्वतः येऊन प्रेमराजच्या पानावर पहिला गोळा ठेवला, थोरल्या जावयाने धाकट्याकडे एकदा पाहून घेतलं आणि मांडी घातली. दिपमाला आपल्या पानावर येऊन बसली. तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ती सोमवारी मॅडमना सांगायचं वाक्यही मनात जुळवू लागली.

पुऱ्या फिरल्या. पुन्हा भरीत फिरलं. आणि प्रेमराजने पुन्हा मांडी सोडली.

"परत तेच," तो म्हणाला. "आते तं एकच वाढी राह्यना ना?"

यावेळी सगळे हसले. आबा हसले, मगन पानात बघून हसला, रूपाने कपाळावर हात मारला. रुसणाऱ्याला निमित्त लागत नाही, असं कुणीतरी म्हणालं. हिलाल म्हणाला, "दाजी, तुम्हले वाढं ना मी."

"पान देखा," प्रेमराज म्हणाला.

पानावर अर्धी पुरी होती आणि मिरचीचा देठ. भरीत नव्हतं.

दिपमालाही हसत होती. हसता हसता ती थांबली. प्रेमराजच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता. तिथे खरोखर भुकेला माणूस दिसत होता, आणि सगळी पंगत त्याला खोटं ठरवत होती. तिला एकदम ते पुसून टाकलेलं 'नापास' आठवलं. तेही तिने असंच हसण्यावारी नेलं होतं.

ती बसून हिलालकडे बघत राहिली. हिलाल बादली भरून आला, आबांना वाढलं, एक पाऊल पुढे झाला, प्रेमराजसमोर वाकला, पळी बादलीत घातली. आबांना समोर माणूस दिसला की काम आठवायचं.

"हिलाल, पानी लई ये रे."

आबांचा शब्द म्हणजे हुकूम. हिलालने पळी सोडली, पाण्याला पळाला, तांब्या आबांना दिला, बादली उचलली आणि मगनपासून वाढू लागला.

"हिलाल, तू कोठे थांबेल व्हता?" दिपमालाने विचारलं.

"दाजीजवळ."

"मंग परत कोठून सुरू करं?"

हिलालच्या डोक्यात प्रेमराजपर्यंत झालं, असं पक्कं बसलं होतं. तो प्रेमराजसमोर वाकला होता हे त्याला आठवत होतं. पळी रिकामीच परतली हे आठवत नव्हतं. आणि आबांच्या शेजारची ती मानाची जागा, तीच खरी अपशकुनी. हिलाल तिथे पोहोचला की आबांना पाणी, मीठ, ठेचा काहीतरी आठवायचंच. कधी आठवायचं नाही, तेव्हा प्रेमराजला भरीत मिळायचं. पहिल्यांदा मिळालं ते तसंच.

दिपमालाने बादली त्याच्या हातातून घेतली आणि प्रेमराजच्या पानावर एवढं वाढलं की पान दिसेना.

"दाजी, चुकलं आमचं. तुम्ही खरं बोलत होता."

"मी खोटा नही व्हता," प्रेमराज हळूच म्हणाला, आणि मग पाठ वळवून जेवू लागला, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते मिरचीने आले असं तो सांगू शकत होता.

दिपमालाचं मात्र जेवण सरलं. तिने आपला शेड्युलर कसा लिहिला होता हे तिला पानावर लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. चालू काम मध्येच थांबवून तातडीचं काम घुसलं की थांबलेल्या कामाला रांगेत परत ठेवायचं. कसं ठेवायचं? नव्याने येणाऱ्याला रांगेच्या शेवटी उभं करायचा कोड तयार होता. तिने तोच वापरला होता. तयार होता म्हणून. म्हणजे अर्ध्यावर उठवलेला माणूस आपली जागा गमावून रांगेच्या शेपटाला. तातडीचं काम नेमकं परीक्षेच्या मध्ये क्वचितच घुसायचं, म्हणून डबा क्वचितच नापास व्हायचा. आणि आधी दोन कोरच्या गोंधळात इतक्या वेळा नापास होत होतं की त्यात ही चूक कुणाला दिसणार?

अंगण वाकडं होतं, हे खरंच. पण तिलाही नाचता येत नव्हतं.

सोमवारी दुकानाचं शटर वर होत होतं तेव्हा ती जिन्यावर होती. परीक्षेत तिने आणखी एक तपासणी जोडली: रांगेतलं काम चालू असताना मुद्दाम मध्येच तातडीचं काम सोडायचं आणि बघायचं, उठवलेल्याला परत आधी नंबर मिळतो का. चालवली. तिचा डबा नापास झाला. परत चालवली. नापास. आता कधी पास कधी नापास असा लपंडाव नव्हता. दर वेळी, न चुकता, नापास.

मनन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. शनिवारचं पुसलेलं 'नापास'सुद्धा. मनन खुर्चीत बसला.

"आपण पुण्याला ओरडून सांगितलं की परीक्षा चुकीची आहे."

"परीक्षा चुकीचीच आहे."

"आणि आपणही चुकीचे आहोत."

"हो."

मननने बराच वेळ पंख्याकडे पाहिलं. तो वाईट मुलगा नव्हता, पण व्यापाऱ्याच्या घरातला होता. "ही नवी तपासणी तू आत्ता जोडलीस. ती न पाठवता नुसती कोरची दुरुस्ती पाठवली, तर आपण पास होतो ना?"

"बहुतेक वेळा."

"मग?"

दिपमालाला इथेच राहायचं होतं. तिने विचार केला, की मनन म्हणतो तसं केलं तर जळगाव राहील, शनिवारची बस राहील. चूक ती गुपचूप दुरुस्त करून टाकेल, कुणाला कळणारही नाही. पण मॅडमनी विचारलं होतं, दुरुस्त परीक्षा चुकणाऱ्याला पकडते हे दाखवा. आणि पकडलेला एकच चुकणारा तिच्याकडे होता.

"मननभाऊ, खोलीतली हवा बाहेर काढायचं काम चालू आहे आणि मध्येच तातडीचं काही आलं. मग हवा काढणारा गेला शेपटाला. केळी काळी पडली असती, आणि आपण म्हटलं असतं, व्यापाऱ्याला रुसायची सवयच आहे." ती थांबली. "मला पाठवायचंय. सगळं."

मननने आणखी एकदा पंख्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

चूक सुधारायला एक ओळ पुरली. 'शेवटी'च्या जागी 'आधी'. तिने जुना शेड्युलर, नवा शेड्युलर आणि दुरुस्त परीक्षा असं सगळं एकत्र बांधून पाठवलं आणि खाली सरळ लिहिलं: जुन्या परीक्षेत दोष होता, तो असा. दुरुस्त परीक्षा चुकणाऱ्याला पकडते याचा पुरावा म्हणून आमचाच जुना शेड्युलर सोबत जोडला आहे. तो पकडला गेला. सुधारलेलाही जोडला आहे.

पाठवून ती खाली दुकानात जाऊन बसली, कारण वर बसवेना. शेठजींनी तिला चहा मागवला. त्यांनी म्हण म्हटली नाही, यावरूनच तिला कळलं की मननने त्यांना सांगितलंय.

दुपारी मॅडमचा फोन आला. आवाज तसाच कोरडा. "परीक्षा कुणी दुरुस्त करून पाठवतं तेव्हा मी आधी बघते, पाठवणाऱ्याचा फायदा कुठे आहे. तुमच्यात तो सापडेना, म्हणून इतका वेळ लागला. दुरुस्ती घेतली. इथे असलेला तुमचा डबा नव्या शेड्युलरवर पास आहे." मग त्या म्हणाल्या, "त्या दुसऱ्या कंपनीचा तयार माल मी सहज याच परीक्षेवर घातला, तर तोही नापास. त्यांना म्हटलं, आधी हे निस्तरा. तुम्हाला त्यांची गरज नाही असं दिसतंय."

दिपमालाने फोन ठेवला आणि पंपांच्या खोक्यावर बसून पदरात, म्हणजे ओढणीत, तोंड लपवून रडली. मनन घाबरून पाणी आणायला गेला. शेठजींनी गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं.

"काय पोरी, अंगण वाकडं होतं ना शेवटी?"

"होतं, शेठजी. सरळ केलं. सरळ केल्यावर कळलं, मलाही नाचता येत नाही."

"आणि आता?"

"आता येतं थोडं थोडं."

शेठजींनी यावर म्हण शोधली. सापडली नाही. त्यांनी गिऱ्हाइकाला पंप दाखवायला घेतला.

एक गोष्ट राहिली. परीक्षेतल्या प्रत्येक तपासणीला नाव द्यावं लागतं. दिपमालाने आपल्या नव्या तपासणीला घाईत एक नाव देऊन टाकलं होतं आणि नंतर बदलू म्हणून विसरली होती. मॅडमनी ते बदललं नाही. संध्याकाळी तिने रूपाला फोन लावला आणि दाजींना द्यायला सांगितलं.

"दाजी, कारभाऱ्याने अर्ध्यावर सोडलेल्याला परत आल्यावर आधी वाढलं की नाही, हे आता पुण्यात प्रत्येक मशीनला विचारणार आहेत. त्या तपासणीचं नाव प्रेमराज आहे."

पलीकडून खोल आवाजात विचारणा झाली.

"म्हंजे आते बठ्ठा कंप्युटर मनं नाव लेतीन?"

"हो."

"आनि जो मले उपाशी ठी, तो नापास?"

"तो नापास, दाजी."

प्रेमराज तोंड फोनपासून दूर करून कुणाला तरी सांगताना ऐकू आला. बहुतेक रूपाला, किंवा आख्ख्या गल्लीला.

"देखं? मी उगाच रुसत नही."